श्रद्धा, विश्वास आणि मधला 'विरुद्ध'

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती 'फेथ' आणि सायन्स यांच्यात संघर्ष आहे का, अशा मथळ्याच्या लेखाचं भाषांतर चाललं आहे. 'फेथ'ला श्रद्धा म्हणावं की विश्वास? आणि 'संघर्ष' फार जड होतो का? 'विरोध' किंवा 'वाद' चालेल का?

'विश्वास' घ्या. मराठी बायबलात ग्रीक 'पिस्तिस'साठी जवळजवळ सगळीकडे तोच शब्द आहे, आणि त्यावरून 'विश्वासणारे' हे खास ख्रिस्ती मराठीतलं नामही घडलं आहे. 'श्रद्धा' चूक नाही, ख्रिस्ती लेखनात तोही भेटतो. पण मराठीत श्रद्धा म्हटलं की पाठोपाठ 'अंधश्रद्धा' दारात उभी राहते. मथळ्यात 'श्रद्धा आणि विज्ञान' वाचल्यावर अर्ध्या वाचकांच्या मनात निकाल लागलेलाही असतो. विश्वासाचे सोबती वेगळे आहेत : अविश्वास, विश्वासघात, विश्वासू. हे सगळे शब्द दोन माणसांमधल्या नात्याचे. पिस्तिसमध्येही मान्यतेइतकीच ही इमानाची छटा आहे. जुन्या करारातला हिब्रू 'एमुना' तर पक्केपणाचाच शब्द, आणि 'आमेन' त्याच धातूचं.

व्युत्पत्ती पाहायची तर विश्वास म्हणजे वि + श्वस्, भीती जाऊन मोकळा झालेला श्वास. उच्छ्वास, निःश्वास यांच्याच घरातला. श्रद्धेची गोष्ट त्याहून मजेची. श्रत् + धा, यातल्या 'धा'चा अर्थ ठेवणे. लॅटिनमधलं 'क्रेडो' ('मी विश्वास ठेवतो'), म्हणजे ख्रिस्ती विश्वासांगीकाराचा, विश्वासाच्या जाहीर उच्चाराचा, पहिलाच शब्द, याच मुळापासून आलेलं आहे. दोन्हीच्या मुळाशी 'हृदय ठेवणे' असा अर्थ असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. (खिशातलं क्रेडिट कार्ड हे श्रद्धेचं चुलत भावंड, हे एकदा कळलं की विसरता येत नाही.) आपण विश्वास 'ठेवतो', म्हणजे जुन्या 'धा'चं काम आजही चालू आहे.

आता खरी गंमत व्याकरणात आहे. ही दोन वाक्यं पाहा : 'माझा देवावर विश्वास आहे.' 'देव आहे असा माझा विश्वास आहे.' पहिल्यात 'वर', दुसऱ्यात 'असा'. 'वर' आला की कोणाच्या तरी भरवशावर उभं राहणं. 'असा' आला की जग कसं आहे याबद्दलचं विधान, जे खरं किंवा खोटं निघू शकतं. लॅटिनमध्ये ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनच्या काळापासून, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकापासून, हा भेद शब्दरचनेनेच दाखवला जातो. आपल्याकडे तो दोन अक्षरांत भागतो.

विज्ञानाशी गाठ पडते ती 'असा'वाल्या वाक्यांची. 'पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असा माझा विश्वास आहे' हे विधान भूगर्भशास्त्राला थेट भिडतं, आणि तिथे मधला मार्ग नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलातल्या वंशावळ्यांवरून निर्मितीचं साल इ. स. पू. 4004 काढलं, आजचा हिशेब सुमारे 454 कोटी वर्षांचा आहे. याला संघर्ष म्हणायचं नाही तर कशाला? मात्र हा संघर्ष बायबल वाचण्याच्या एका पद्धतीशी आहे. बायबलातलं पहिलं पुस्तक 'उत्पत्ती', त्याच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे तीन 'दिवस' कसले, हा प्रश्न ऑगस्टीनलाच पडला होता, आणि ते आपले नेहमीचे दिवस नव्हेत असं त्याचं मत होतं. 'दिवस' यासाठीचा हिब्रू शब्द 'योम'ही तसा सैल आहे. पुढच्याच अध्यायात तो 'जेव्हा' एवढ्याच अर्थाने येतो.

पण म्हणून 'विश्वासाचा वस्तुस्थितीशी संबंधच नाही' असं म्हणून सुटका करून घेणाऱ्यांशीही माझं जमत नाही. 'वर'च्या पोटात बहुतेकदा एखादा 'असा' असतोच. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, हे करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौलानेच सांगून टाकलं आहे.

दुसऱ्या बाजूचा शब्दही तितकाच निसरडा. 'विज्ञान' हे आजच्या अर्थाने अलीकडचं. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञान वेगळं आणि प्रपंच हे विज्ञान, अशी विभागणी आहे. प्रयोगशाळेचा तिथे मागमूस नाही. 'शास्त्र' तर दोन्ही घरचा पाहुणा. भौतिकशास्त्र ते शास्त्रच, आणि ख्रिस्ती मराठीत 'पवित्र शास्त्र' म्हणजे बायबल. 'शास्त्रात असं लिहिलंय' हे वाक्य पाळक आणि प्राध्यापक दोघेही बोलू शकतात. तेव्हा भाषांतरात 'शास्त्र' टाळा, नाहीतर वाचक अडखळेल. इंग्रजीतही 'सायंटिस्ट' हा शब्द 1830च्या दशकात विल्यम ह्यूवेल यांनी घडवला, आणि ते स्वतः अँग्लिकन धर्मोपदेशक होते. न्यूटनचा 1687चा ग्रंथ स्वतःला निसर्गाचं तत्त्वज्ञान म्हणवतो. म्हणजे ज्या काळातली भांडणं आपण 'विज्ञान विरुद्ध धर्म' म्हणून सांगतो, त्या काळात ती नावंच आजच्या अर्थाने तयार नव्हती.

मग हा 'संघर्ष' आला कुठून? बराचसा दोन इंग्रजी पुस्तकांच्या शीर्षकांतून. 1874 मध्ये जॉन विल्यम ड्रेपर या अमेरिकी वैज्ञानिकाने 'धर्म आणि विज्ञान यांच्यातील संघर्षाचा इतिहास' लिहिला. 1896 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांनी संघर्षाचं थेट युद्ध केलं, पण एक शब्द जपून बदलला : विज्ञानाचं युद्ध धर्माशी नाही, ईश्वरविषयक पांडित्याशी, म्हणजे थिऑलॉजीशी. ही बारीक दुरुस्ती लोकांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

गॅलिलिओचं उदाहरण या चर्चेत हटकून येतं, आणि त्यात भाषांतरकाराला धडा आहे. 1615च्या पत्रात त्याने एका बड्या धर्माधिकाऱ्याकडून ऐकलेलं वचन दिलं आहे : पवित्र आत्म्याला स्वर्गात कसं जावं हे शिकवायचं आहे, आकाश कसं जातं हे नाही. इटालियनमध्ये दोन्हीकडे 'चिएलो' हा एकच शब्द आहे, म्हणून वाक्याला धार. मराठीत स्वर्ग वेगळा आणि आकाश वेगळं, त्यामुळे कोटी मेली. पण मुद्दा आपल्याला आयता मिळतो. उत्पत्तीच्या पहिल्या ओळीत देव 'आकाश व पृथ्वी' उत्पन्न करतो, आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'स्वर्गातील पित्या' म्हणतो. मुळात हिब्रू 'शामायिम' आणि ग्रीक 'उरानोस' दोन्हींना पुरतात. कुठे आकाश आणि कुठे स्वर्ग हे मराठी अनुवादकांनी ठरवलं. चर्चने 1633 मध्ये गॅलिलिओला शिक्षा दिली ती दिलीच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण तोही विश्वासणाराच होता, आणि भांडण बरंचसं बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकातला थांबलेला सूर्य कसा वाचायचा, आणि तो वाचण्याचा अधिकार कोणाचा, यावर होतं.

'वाद' शब्दाचं मात्र जपून. मराठीत तो भांडणही असतो आणि मतप्रणालीही. 'उत्क्रांतिवाद' ऐकताना ते नुसतं एक मत आहे, उद्या सोडून देता येईल, असा भास होतो. 'सापेक्षतावाद'ही त्याच साच्यातला, पण त्याने कोणाच्या भावना दुखावत नाहीत म्हणून तिकडे कोणी बोट दाखवत नाही. मी 'उत्क्रांतीचा सिद्धांत' लिहितो. त्याला खाली आधार देणारा आनुवंशिकतेचा पाया ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन मठवासीने 1866 मध्ये छापलेल्या वाटाण्यांवरच्या निबंधात घातला, हे लेखात नसेल तर तळटीप द्यायला हरकत नाही.

मथळा मी असा करेन : 'ख्रिस्ती विश्वास आणि विज्ञान : खटके कुठे उडतात?' खटके उडतात ते एकाच घरात वावरणाऱ्यांचेही, आणि 'कुठे' विचारल्यावर लेखकाला जागा दाखवावी लागते. आणि 'उत्क्रांतिवाद' कुठे ठेवलाच, तर 'ति' ऱ्हस्व. छापील मजकुरात तो दीर्घ झालेला फार दिसतो.