सिनेमा चोरीला गेला आणि नोटीस थिएटरला आली

प्रश्न : सिंधुदुर्गात समुद्रकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचं एकपडदा थिएटर आहे. वडील आणि काका भागीदार, रोजचं सगळं मी बघतो. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी लागलेला मराठी सिनेमा सोमवारी टेलिग्रामवर आला. आता वितरकाची नोटीस आली आहे. कॉपीतल्या वॉटरमार्कवरून ती आमच्याकडे रविवारच्या रात्रीच्या शोला केलेली दिसते, सात दिवसांत लेखी माफी आणि आठ लाख रुपये द्या, नाहीतर गुन्हा दाखल करू आणि पुढचे सिनेमे बंद करू, असं तीत लिहिलंय. त्या रात्री लाइट गेल्याने शो उशिरा सुरू झाला होता, तिकिटं फक्त अकरा गेली होती. नोटिशीआधी वितरकाचा माणूस येऊन आमच्या ऑपरेटरचा मोबाइल दोन तास चाळत बसला. मुलगा बावीस वर्षांचा, शेजारचाच. आपण काही केलं नाही म्हणतो. वडील म्हणतात, ‘सही करून टाक आणि मोकळो हो.’ इकडे जेटीवरच्या मोबाइल दुकानात तोच सिनेमा पन्नास रुपयांत पेनड्राइव्हवर भरून मिळतोय. बोट लागली की रात्रीच्या शोला येणारे खलाशी आता फिरकत नाहीत. त्या दुकानदारावर मी तक्रार करू शकतो का?

उत्तर : सही करू नका. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की या सहीने कोणी मोकळो होत नाही, उलट अडकतो. तुमच्या मनात ती माफी ‘आमच्या थिएटरात घडलं, वाईट वाटलं’ एवढीच असेल. पण तोच कागद उद्या पोलिसांपुढे आणि लवादापुढे कबुली म्हणून ठेवला जाईल. आठ लाखांवर घासाघीस नंतरही करता येते, लिहून दिलेली कबुली मागे घेणं फार अवघड.

आता हे वाचणं थांबवा आणि ऑफिसातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर बंद करा. त्याची हार्ड डिस्क लहान असेल तर पंधरा दिवसांनी, मोठी असेल तर महिन्याभराने जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. तुमचे तीन आठवडे उलटलेत. त्या रविवारी रात्री बुकिंगच्या खिडकीशी, लॉबीत आणि प्रोजेक्टरच्या केबिनच्या जिन्यावर कोण होतं हे सांगणारा दुसरा साक्षीदार तुमच्याकडे नाही. डिस्क काढा, पाकिटात घाला, सीलवर दोन त्रयस्थांच्या सह्या घ्या. नवी डिस्क बाजारात मिळते.

वॉटरमार्क काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्या, कारण नोटिशीचा सगळा डोलारा त्याच्यावर आहे. डिजिटल सिनेमाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही डोळ्यांना न दिसणारी खूण ३५ बिटांची असते. १६ बिट वेळेसाठी, १९ बिट जागेच्या किंवा यंत्राच्या ओळखीसाठी. वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत नोंदली जाते. तुमच्याकडची यंत्रणा याच मानकाची आहे की दुसऱ्या पद्धतीची, हे सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. पण कुठल्याही पद्धतीत खूण सांगते ती एवढंच, की कुठला पडदा आणि कुठली वेळ. कुठली खुर्ची, कोणाचा हात, हे ती सांगत नाही.

म्हणून नोटिशीला पहिलं उत्तर मागणीचं असावं. वॉटरमार्कचा संपूर्ण अहवाल द्या, तो कोणत्या प्रयोगशाळेने काढला ते सांगा, आणि ज्या कॉपीवरून काढला ती हॅश मूल्यासह, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासह द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅशचा रकाना असतोच. अहवाल हातात आला की त्यातली वेळ तुमच्या सर्व्हरच्या लॉगशी, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदींशी, ताडून बघा. लाइट जाऊन शो उशिरा सुरू झाला हे तुम्ही लिहिलंत, ते फार कामाचं आहे. अहवालातली वेळ छापील शो टाइमशी जुळत असेल आणि लॉगशी जुळत नसेल, तर अहवाल लिहिणाऱ्याने यंत्राऐवजी पोस्टर वाचलं, असं म्हणायला जागा आहे. दोन्हीकडे वेळ जुळली, तर कॉपी तुमच्याच हॉलमध्ये झाली हे धरून पुढचा बचाव करायचा.

मग ती कॉपी स्वतः बघा, माझ्या किंवा दुसऱ्या वकिलासमोर. केबिनच्या झरोक्यातून काढलेलं चित्र सरळ असतं, उंचावरून, चौकट न हलता. आवाज थेट यंत्रातून तारेने घेतला असेल तर स्वच्छ येतो. खुर्चीतून काढलेल्या चित्रात पडदा एका बाजूला कलतो, खाली पुढच्या माणसाचं डोकं येतं, कोणी खोकतो, कोणी उठून जातो. अकरा माणसांच्या हॉलमध्ये पुढे डोकं दिसलं, तर ते कोणाचं आणि मागे कोण बसलं होतं, हे ऑनलाइन बुकिंग आणि यूपीआयच्या नोंदींवरून बऱ्यापैकी लागेल. पोरावर संशय घ्यायच्या आधी हा कोन बघा. आणि प्रकरण मिटावं म्हणून त्याला ‘मीच केलं’ म्हणायला लावायचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा. त्याच्या कबुलीने तुम्ही सुटत नाही, उलट तुमचा नोकर तुमच्या केबिनमधून चोरी करत होता हे तुमच्याच तोंडून सिद्ध होतं.

मोबाइलचं म्हणाल तर वितरकाच्या माणसाला तो हातात घ्यायचा काडीचाही अधिकार नव्हता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे वॉरंटशिवाय जप्ती करता येते, पण पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच. शिवाय जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. पंचनामा नाही, पावती नाही आणि परका माणूस दोन तास फोन चाळतो, त्या फोनमध्ये नंतर काहीही ‘सापडलं’ तरी त्याची किंमत किती, हे मी सांगायला नको. तारीख, वेळ, तेव्हा हजर असलेली माणसं, सगळं आजच लिहून ठेवा. मुलाला सांगा, फोनमधून काही पुसू नकोस, अगदी लाज वाटावी असं काही असलं तरी.

आठ लाखांकडे येऊ. हा आकडा बहुतेक तुमच्या करारातून आला असेल. वितरकाच्या किंवा प्रोजेक्शन कंपनीच्या छापील करारात बारीक इंग्रजीत असं कलम असतं, की थिएटरात कॉपी झाली तर अमुक रक्कम. काकांनी कधीतरी सही केली असेल, ‘वाचलं नव्हतं’ हा बचाव चालत नाही. पण करार कायदा १८७२ चं कलम ७४ म्हणतं, की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, मिळते ती वाजवी भरपाई. आणि मुळात काही नुकसानच झालं नसेल तर लिहिलेली रक्कम आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ प्रकरणात स्पष्ट केलंय. वितरकाकडे निर्मात्याचं लेखी हक्कपत्र आहे का, हेही उत्तरात विचारा. मागणारा हक्कदार आहे की नुसता पोस्टमन, ते आधी कळू दे.

नुकसान किती, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेच पडलेलं आहे, डीसीआरच्या, म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या अहवालांच्या फाइलमध्ये. ती पानं बघा. रविवारी रात्री अकरा तिकिटं गेली तेव्हा चोरीची कॉपी बाजारात आलेलीही नव्हती. म्हणजे हॉल ओस पडला तो टेलिग्रामच्या आधी! वीज गेल्याने, कदाचित सिनेमा लोकांना आवडला नाही म्हणून. सोमवारनंतर किती घसरण झाली हे गेल्या वर्षभरातल्या दुसऱ्या सिनेमांच्या पहिल्या सोमवारशी ताडून बघा. सोमवारी तिकिटं पडतातच, ती चोरीनेच पडली असं म्हणायचं तर नेहमीपेक्षा जास्त पडलेली दाखवावी लागतील. आणि वितरकाचं नुकसान एका गावचं नाही, सबंध महाराष्ट्राचं असतं. ते सिद्ध करायला त्यांना सगळ्या केंद्रांचे डीसीआर बाहेर काढावे लागतील, आणि ते बाहेर काढायची हौस कुठल्याही वितरकाला नसते. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीच्या वेळी सरकारने पायरसीने चित्रपटसृष्टीला वर्षाला २०,००० कोटी रुपयांपर्यंत फटका बसतो असं सांगितलं होतं. तो आकडा नोटिशीत लिहायला बरा. तुमच्या आठ लाखांशी त्याला जोडायला मधली एकेक कडी लागते.

हीच फाइल उलटही चालते, हे लक्षात असू द्या. जेटीवरच्या दुकानामुळे माझे खलाशी गेले, असं तुम्ही म्हणाल तेव्हा तुम्हालाही हेच सिद्ध करावं लागेल. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, परप्रांतीय खलाशी गावी गेलेले. त्या महिन्यांशी नोव्हेंबरची तुलना करून चालणार नाही. शिवाय बोट आठ-दहा दिवस बाहेर राहत असेल, तर त्या माणसांना समुद्रात काहीतरी बघायला हवंच, ती गिऱ्हाइकं तुमची कधी होती का? बोट लागल्यावर जमिनीवरच्या रात्री ते यायचे, ते यायचे थांबले असतील तर ते नुकसान तुमचं. मला स्वतःला वाटतं, यात पेनड्राइव्हचा वाटा आहे, पण तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या फोनमधल्या स्वस्त डेटाचाही कमी नाही.

तक्रार मात्र जरूर करता येते. दिवाणी दावा लावायचा हक्क कॉपीराइटच्या मालकाला किंवा अनन्य परवानाधारकाला असतो, तुम्ही दोन्हीही नाही, सिनेमा दाखवणारे आहात. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख. तिथे जाऊन स्वतः पेनड्राइव्ह भरून आणू नका. पुरावा गोळा करायला गेलेला माणूस गिऱ्हाईक ठरायला वेळ लागत नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, वितरकाला प्रत पाठवा. ती प्रत तुमच्या बाजूचा कागद होईल, कॉपी करणारा माणूस आपल्या शेजारच्या दुकानावर पोलीस बोलावत नाही. टेलिग्रामवरच्या लिंकसाठी सेन्सॉर बोर्डात नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज होतो, त्याने आदेश दिला की ४८ तासांत लिंक काढावी लागते. मालक नसलेल्यानेही अर्ज केला तर चालतो, फक्त त्याची आधी शहानिशा होते.

अर्जात ‘एमपीडीए लावा’ असं लिहू नका, कोणीतरी तो सल्ला देईलच. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या त्या १९८१ च्या कायद्यात व्हिडिओ पायरेटही आहे हे खरं, आणि बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता आहे हेही खरं. पण मोबाइल रिचार्ज मारणाऱ्या दुकानदारावर ते हत्यार उचलायला सांगणं म्हणजे एका कोळंबीसाठी ट्रॉलर काढण्यासारखं.

तुमच्यावर गुन्हा नोंदलाच तर कुठला? सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ ला कलम ६एए आलं. थिएटरात चोरटी प्रत काढण्याच्या हेतूने चित्रीकरण करणं, किंवा त्याला साहाय्य करणं. शिक्षा तीन महिने ते तीन वर्षं, दंड किमान तीन लाख, आणि वर निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. आकडा ऐकून घाम फुटतो. पण हेतू किंवा साहाय्य सिद्ध व्हावं लागतं, हॉल तुमचा होता एवढं पुरत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६९ भागीदारी संस्थेलाही लागू आहे, तिथे मात्र कारभार बघणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे दाखवावं लागतं. कारभार बघता तुम्ही, वडील नव्हे, हे लक्षात घ्या. दाराशी ‘चित्रीकरण करू नये’ असा बोर्ड नव्हता, केबिनमध्ये कोण गेलं-आलं याची वही नव्हती, तर आज लावा, आज सुरू करा, आजच्या तारखेने. मागच्या तारखा टाकून वही भरू नका. तीन महिन्यांच्या नोंदी एका पेनाने, एका हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या न्यायाधीशाला पहिल्या पानावर ओळखू येतात.

अटकेची भीती बाळगू नका, पण गाफीलही राहू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली तर वेळेवर हजर राहा. त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज ओरोसच्या सत्र न्यायालयात तयार ठेवू, तुमच्यासाठी एक आणि ऑपरेटरसाठी वेगळा, वेगळ्या वकिलाकडून. तुमचं आणि त्याचं हित कायम एकच राहील असं मी धरणार नाही. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात.

सिनेमे बंद करू ही धमकी खरी बोचरी. एका वितरकाने सिनेमा न देणं हा त्याचा धंद्याचा निर्णय, मोडता करारात असेल तेवढाच घालता येईल. करारात लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. पण संघटनेने मिळून बहिष्कार घातला तर ते प्रकरण स्पर्धा आयोगाकडे न्यायचं, चित्रपट संघटनांना आयोगाने याआधी अशाबद्दल फटकारलेलं आहे.

करार, नोटीस लिफाफ्यासकट (पोस्टाच्या शिक्क्यावरून सात दिवस मोजायचेत), वर्षभराचे डीसीआर आणि त्या रात्रीचा सर्व्हर लॉग घेऊन या. उत्तर बुधवारी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने जाऊ दे. मुदत संपते शुक्रवारी, आणि शुक्रवारी तुम्हाला नवा सिनेमा लावायचाय.