अमेरिका अजूनही मेट्रिक पद्धत का स्वीकारत नाही?

‘एवढा पुढारलेला देश, मग मैल-पौंड-फॅरनहाइटचा हट्ट कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं मिशिगनमध्ये राहतोय, तेव्हा आधी घरातलंच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात तळघरात एक भिंत स्वतः उभारायला घेतली. हौस, दुसरं काय! इथली घरं लाकडी सांगाड्याची. उभ्या लाकडांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंच. त्यावर ठोकायचा जिप्सम बोर्ड 4 फूट रुंद, म्हणजे 48 इंच. बरोबर तीन गाळे. इथल्या मोजपट्टीवर दर 16 इंचांना लाल खूण असते. मी हौसेने सेंटिमीटरची बाजू लावून पाहिली, तर अंतर आलं 40.64 आणि बोर्ड 121.92. उद्या सरकारने फर्मान काढलं तरी भिंतींच्या आत ठोकलेली लाकडं जागची हलणार आहेत थोडीच? जुन्या घराला नवा बोर्ड लावायचा तर तो 48 इंचीच लागणार. (गंमत म्हणजे ‘टू बाय फोर’ म्हणून विकतात ते लाकूड भरतं दीड बाय साडेतीन इंच. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.)

जमिनीचंही तेच. 1785च्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन एकेका चौरस मैलाच्या, 640 एकरांच्या चौकोनांत आखायला सुरुवात झाली. डेट्रॉइटकडचे रस्ते तर नावानेच एट माइल, नाइन माइल, टेन माइल. एकापासून पुढचा साधारण मैलभरावर.

हट्ट म्हणावा, तर कायद्याच्या कागदावर तो दिसत नाही. मेट्रिक मापं इथे 1866 पासून कायदेशीर आहेत. 1875च्या मीटर करारावर सुरुवातीला सह्या करणाऱ्या 17 देशांत अमेरिका होती. खुद्द इंचाची व्याख्यासुद्धा 1959 पासून 25.4 मिलिमीटर अशीच आहे. 1975 मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी मेट्रिककडे वळण्याच्या कायद्यावर सही केली, पण बदल ऐच्छिक ठेवला. आणि ऐच्छिक म्हटलं की झालंच! त्यासाठी नेमलेल्या मंडळाला सक्तीचे अधिकार नव्हते. रेगन यांच्या काळात, 1982 मध्ये, ते गुंडाळलं गेलं. त्या उत्साहाची एक खूण ॲरिझोनात उरलीय: टूसान ते नोगालेस या आय-19 महामार्गावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत.

मग आपल्याला कसं जमलं? माझ्या मते खरी मेख इथेच आहे. 1956 मध्ये आपण कायदा केला तेव्हा शेर आणि मण मुलखागणिक वेगळे होते. एका बाजारातला मण दुसऱ्या बाजारात मण भरेलच असं नाही, आणि त्या फरकात गिऱ्हाईक नाडलं जायचं. आपल्याला देशभर एकच माप हवं होतं, ते किलोच्या रूपाने मिळालं. अमेरिकेत पौंड या टोकापासून त्या टोकापर्यंत आधीच एक होता. बाजारात कुणाचं अडतच नव्हतं, तर खर्च करायचा कुणी आणि कशासाठी?

जिथे अडलं तिथे मात्र गाजावाजा न करता बदल झाला. औषधं मिलिग्रॅममध्ये, वाइनची बाटली 750 मिलिलिटरची, कोकची मोठी बाटली 2 लिटरची. मोटारींचे कारखाने तर सत्तरच्या दशकातच मिलिमीटरकडे वळू लागले. माझ्या गाडीला तेरा नंबरचा, म्हणजे 13 मिलिमीटरचा, पाना लागतो. शेजाऱ्याने एकदा अर्ध्या इंचाचा पुढे केला, तो 12.7 मिलिमीटरचा, नटवर चढेचना. उलट अर्ध्या इंचाच्या नटला तेराचा लावला तर तो सैल बसतो आणि नटचे कोपरे झिजवतो. म्हणून इथे घरोघरी पान्यांचे दोन-दोन संच. आणि मिलिमीटरचा सॉकेट ज्या हँडलला बसतो, त्याचा चौकोनी खुंट पुन्हा तीन अष्टमांश इंचाचाच!

आता आपली फुशारकीही जरा तपासू. वाळू ब्रासमध्ये, फ्लॅट चौरस फुटांत, जमिनीचा सौदा गुंठ्यात, ताप ‘एकशे एक’. मागच्या महिन्यात पुण्याच्या घरी ओट्याखाली कपाट करायचं होतं. सुतारकाकांनी फोनवर माप सांगितलं, ‘दोन फूट तीन इंच चार सूत.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. मी मिशिगनची मोजपट्टी ओढली आणि त्यांचं माप जसंच्या तसं तिच्यावर सापडलं.