ऑर्डरी ढीगभर आहेत, पण आपल्या व्हीएमसीला काम मिळेल का?

प्रश्न: सर, रबाळे एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि सीएनसी लेथ, सगळं काम ऑटोचं, म्हणजे गाड्यांच्या पार्टचं. रेट इतके पडलेत की लाइटबिल आणि पोरांचा पगार निघाला की खिसा रिकामा. आता नवी मुंबईचा विमानतळ पण दारात आला, इंडिगो, एअर इंडिया विमानांवर विमानं घेतायत, मुलगा म्हणतो पप्पा एरोस्पेसमध्ये घुसू. बोइंग-एअरबसची एवढी चढाओढ चाललीय तर काम मिळेलच ना?
– एक कारखानदार, ऐरोली

उत्तर: साहेब, आधी विमानतळ डोक्यातून काढा. डिसेंबर 2025 पासून तिथून उड्डाणं सुरू झाली, छानच झालं, पण तिथे विमानं उतरतात, बनत नाहीत.

आता चढाओढीचं. आपल्याला वाटतं दोघं गिऱ्हाईकासाठी भांडतायत, तर तसं आता फारसं राहिलेलं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानं जाहीर केली, 250 एअरबस आणि 220 बोइंग, जूनमध्ये इंडिगोने एका फटक्यात 500 एअरबस घेतली, आणि एअरबसकडे एकूण 8 हजारांच्या वर ऑर्डरी पडून आहेत. आणि 2024 मध्ये हातात दिली किती, तर 766. बोइंगची तर 348 च, कारण त्या जानेवारीत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्स विमानाचा दरवाजाच्या जागचा प्लग हवेत निखळला, मग अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे विमान सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, महिन्याला 38 मॅक्सच्या वर जायचं नाही असा लगाम घातला, त्यात सप्टेंबरपासून 33 हजार कामगारांचा संप. म्हणजे पंगत बसलीय, आचारीच कमी आहेत. खरी ओढाताण इंजिन, कास्टिंग, फोर्जिंग, अगदी सीटसाठी चाललीय. चीनचं सी919 विमान मे 2023 पासून प्रवासी नेतंय, पण त्याला इंजिन बाहेरचंच लागतं, म्हणजे तेही याच रांगेत.

म्हणून सप्लायर हवेत हे खरं. पण त्यांना नुसता पार्ट नको असतो, पार्टची कुंडली हवी असते. एएस9100, म्हणजे विमान उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट, हा फक्त गेटपास, पुढे पहिल्या पार्टचं फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, ड्रॉइंगवरचं एकूणएक माप नंबर टाकून लिहून द्यायचं. ॲनोडायझिंग, हीट ट्रीटमेंट असलं काही असेल तर तेही नॅडकॅप (अशा प्रक्रियांची खास मान्यता) असलेल्याकडूनच, शेजारच्या गाळ्यातून नाही. एक बारीक गोष्ट सांगतो. तुम्ही बार कापता, उरलेला तुकडा रॅकवर टाकता, बरोबर? इथे त्या तुकड्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या बॅचचा नंबर, परत पंच करावा लागतो, नंबर गेला की माल कितीही उत्तम असला तरी भंगारात. याला वेडेपणा म्हणू नका, 2024 मध्ये खोट्या कागदांवरचं टायटॅनियम बोइंग आणि एअरबस दोघांच्याही विमानात गेल्याचं निघालं आणि एफएएला चौकशी लावावी लागली, तेव्हापासून कागद आणखी कडक.

पैशाचं गणितही वेगळं. ऑटोमध्ये एकच पार्ट महिन्याला दहा हजार, इथे कदाचित चाळीसच, मग फिक्स्चर, प्रोग्राम, सीएमएमचा (मापं तपासणाऱ्या मशीनचा) वेळ सगळा त्या चाळिसावर चढतो, आणि ऑटोचा रेट लावून कोट दिलात की मेलात. पहिली ऑर्डर यायलाच वर्ष-दोन वर्षं सहज जातात, तोवर ऑटो सोडायचं नाही.

माझं मत, बोइंगला मेल टाकत बसू नका. त्यांचं काम आधीच घेणारे आपल्याच देशात आहेत, बेळगाव, बंगळुरू, हैदराबादला, तुमच्याजवळ विक्रोळीला गोदरेज, तिकडे ओझरला लढाऊ विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल. त्यांचं एखादं सोपं ॲल्युमिनियम ब्रॅकेट मिळवा. आणि महागड्या फाइव्ह-ॲक्सिस मशीनसाठी बँकेत जायच्या आधी एक चांगला क्वालिटीवाला माणूस ठेवा, मुलाला हेच शिकू द्या ना, मशीन काय नंतरही येते.

प्रश्न: डिफेन्स-एरोस्पेस शेअर घ्यावेत का? सगळे म्हणतात ऑर्डरबुक तगडी आहे.
– वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: कुठला शेअर घ्या ते आम्ही सांगत नाही, पण नुसत्या ऑर्डरबुकवर भाळू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये एचएएलशी 83 तेजस मार्क-1ए लढाऊ विमानांचा करार झाला, साधारण 48 हजार कोटींचा, डिलिव्हरी 2024 पासून द्यायची होती, आणि जीई या अमेरिकी कंपनीने पहिलं इंजिन दिलं मार्च 2025 मध्ये. ऑर्डर होती, विमानाचे सांगाडे होते, इंजिनच नव्हतं. त्यामुळे ताळेबंद उघडा, ऑर्डरच्या खाली इन्व्हेंटरी आणि येणं बाकी किती फुगलंय ते बघा, आणि ऑपरेशन्समधून रोख येतेय की नुसता कागदावर नफा दिसतोय तेही.