संगणक शंकासमाधान : ‘फॉरमॅट करायची का?’

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी १९९९ च्या सुमारास आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता. छापायचं राहून गेलं, पुढे सासरेही गेले. आता चार फ्लॉपी सापडल्या आहेत. भाच्याने यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. दोन उघडल्या, पण आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. तिसरी घातली की कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? भाचा म्हणतो, करून बघू. चौथी खालच्या कपाटात होती, ती २०१९ च्या पुरात भिजली. फेकवेना म्हणून वाळवून ठेवली आहे. काय करावं?
– सौ. वि. दे., गावभाग, सांगली

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे भाच्याला ‘नाही’वर क्लिक करायला सांगा. कितीदाही विचारू दे, उत्तर ‘नाही’च. पूर्ण फॉरमॅट झालेल्या फ्लॉपीतून काही काढून द्या म्हणून माझ्याकडे लोक येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवण्यापलीकडे माझ्या हातात काही नसतं.

दुसरं काम लगेच करा. फ्लॉपी उलटी धरली की कोपऱ्यात एक छोटी सरकपट्टी दिसेल. ती सरकवून भोक उघडं करा, आरपार उजेड दिसला पाहिजे. भोक उघडं म्हणजे लिहायला बंदी. बरेच जण याच्या उलट समजतात. चारही फ्लॉपींना हे केल्याशिवाय एकही ड्राइव्हमध्ये घालू नका. ‘चेकडिस्क’सुद्धा चालवायचं नाही. ते दुरुस्ती म्हणून फ्लॉपीवर लिहितं, आणि खराब फ्लॉपीवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

आता तिसऱ्या फ्लॉपीबद्दल. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर एकूण २८८० सेक्टर, म्हणजे मजकूर साठवायचे कप्पे असतात, प्रत्येकी ५१२ बाइटचे. त्यातले पहिले ३३ सोडले तर बाकी सगळी जागा तुमच्या मजकुराची. त्या ३३ मध्ये बूट सेक्टर (फ्लॉपी कशी मांडली आहे हे सांगणारा पहिला कप्पा), कुठली फाइल कुठे ठेवली आहे त्याचा तक्ता (त्याच्या दोन प्रती) आणि फाइलींच्या नावांची यादी असते. हे सगळं अगदी बाहेरच्या ट्रॅकवर असतं. तिथला बूट सेक्टर वाचता आला नाही की विंडोज हात वर करतं आणि फॉरमॅटचं विचारतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून कोणी पुस्तक रद्दीत घालत नाही, पण विंडोजला तेवढी समज नाही. आतला मजकूर धडधाकट असण्याची शक्यता चांगली आहे.

तो काढायची रीत अशी, की फ्लॉपीवर काम करायचंच नाही. आधी तिची सेक्टर-न्-सेक्टर नक्कल, म्हणजे इमेज, हार्ड डिस्कवर घ्यायची आणि पुढचे सगळे उद्योग त्या नकलेवर. भाच्याला पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू करायला सांगा आणि त्यात ‘डीडीरेस्क्यू’ चालवू दे. फुकट आहे. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येईल तेवढं उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, मग मागे येऊन त्यांच्याशी झटापट करतो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद तो एका वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतो, आणि खरी गंमत त्या नोंदीत आहे. समजा भाच्याच्या यूएसबी ड्राइव्हवर काही सेक्टर राहिले. तीच इमेज, तीच मॅप फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर जायचं. तिथे तो फक्त राहिलेल्या सेक्टरांच्याच मागे लागतो, आधीचं पुन्हा वाचत नाही.

दुसरा ड्राइव्ह का, तर फ्लॉपीइतकाच ड्राइव्हही दोषी असतो. ज्या डीटीपीवाल्याच्या ड्राइव्हवर तुमची फ्लॉपी लिहिली गेली, त्याचं हेड, म्हणजे तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग, केसभर इकडे-तिकडे असेल तर त्याच्याकडे ती बिनतक्रार चालायची आणि दुसरीकडे अडायची. त्या हलक्या यूएसबी ड्राइव्हला जे जमत नाही ते जुन्या कॅबिनेटमधल्या ड्राइव्हला पुष्कळदा जमतं, असा माझा अनुभव. कोअर टू ड्युओच्या काळातला, बोर्डावर फ्लॉपी केबलची जागा असलेला पीसी एखाद्या रिपेअरिंगच्या दुकानात मागच्या बाजूला धूळ खात पडलेला असतोच. विचारा.

इमेज पुरी झाली की तिचा आकार बरोबर १४,७४,५६० बाइट असला पाहिजे. ती उघडत नसेल तर ‘फोटोरेक’ नावाचा प्रोग्राम तिच्यावर चालवा. नावाला फोटो असला तरी तो वर्डच्या फाइलीही शोधतो, आणि त्याला त्या ३३ सेक्टरांची गरज लागत नाही. फाइलींची मूळ नावं मात्र गेलेली असतील.

काम चालू असताना कान उघडे ठेवा. टक-टक आवाज आला तर हेड जागा शोधतंय, चालू द्या. खरखर, घासल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी फ्लॉपी बाहेर. मिनिटाला ३०० फेरे होतात, खरवडायला वेळ लागत नाही.

चौथीला म्हणूनच सगळ्यात शेवटी हात लावायचा. बाकी तिन्हींच्या इमेज हातात आल्याशिवाय ती ड्राइव्हजवळ नेऊसुद्धा नका. कृष्णेचा गाळ आणि बुरशी हेडला चिकटली की पुढची चांगली फ्लॉपीही त्याच हेडखाली जाते. धातूचं झाकण सरकवून तबकडी तिरक्या उजेडात बघा, मागच्या धातूच्या चकतीवर बोट ठेवून सावकाश फिरवा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. गोल ओरखडे पडून तिथून उजेड आरपार दिसत असेल, तर तेवढा मजकूर गेला.

नुसते ठिपके किंवा गाळ असेल तर आशा आहे. झाकण काढून प्लास्टिकची दोन फाळकी कडेने हलकेच उचकटा (आतली बारीक स्प्रिंग उडते, डोळे सांभाळा). तबकडी फक्त चकतीला धरून बाहेर काढा. बॅटरीत घालायला मिळतं त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ती हलवून धुवा. वाळवायची सावलीत, ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. बुरशी राहिलीच तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणा, चष्मा पुसायच्या कापडाला लावा आणि न दाबता पुसा. मग एखाद्या बिनकामाच्या फ्लॉपीचं स्वच्छ कवच घेऊन तबकडी त्यात बसवा, चकतीची बाजू होती तशीच ठेवून. वाचायला असा ड्राइव्ह घ्या जो बिघडला तरी चालेल. चारातली हीच एक मी ‘मिळेल’ म्हणून सांगणार नाही, आणि जो सांगून आगाऊ पैसे मागेल त्याच्या दुकानाची पायरी उतरा.

आता त्या खिचडीबद्दल. ताई, तुमच्या त्या दोन फाइली बहुतेक ठणठणीत आहेत. १९९९ मध्ये आपल्याकडचं डीटीपीचं मराठी काम श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम असल्या सॉफ्टवेअरवर चालायचं. आजचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशी अक्षरांची पद्धत, तेव्हा प्रेसमध्ये आलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही, म्हणून मूळची इंग्रजी अक्षरं दिसतात. ती ‘नीट’ करून सेव्ह करू नका. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय लिहिलंय ते बघा. श्री-देव-०७१४, डीव्ही-टीटी योगेश, शिवाजी०१ असं काहीतरी नाव असेल. कागदावर लिहून ठेवा. तोच फॉन्ट मिळवून टाकला की कुलवृत्तांत डोळ्यांपुढे उभा राहील. फाइल पेजमेकरची (पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) असेल तर इनडिझाइन सीएस६ किंवा त्याआधीची आवृत्ती असलेला प्रेसवाला गाठा. पेजमेकर ६ पासूनच्या फाइली त्यात उघडतात.

युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून थेट छापायला देऊ नका. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते. धर्माजीचा ‘धमार्जी’ होतो, विठ्ठलाचा ‘वठि्ठल’. बातमीत चाललं असतं, कुलवृत्तांतात सातव्या पिढीचा पुरुष असा छापून आला तर भाऊबंद घरी येतील. जुन्या फॉन्टमधली एक प्रत प्रिंट काढा आणि घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून नाव-न्-नाव ताडून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे १९९१ चे हिशेब मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉपीवर आहेत. लोटसमध्ये (एक्सेलसारख्या जुन्या प्रोग्राममध्ये) केले होते. यूएसबी ड्राइव्ह कुठे मिळेल?
– एक वाचक, कराड

उत्तर : सव्वापाच इंचीसाठी साडेतीन इंचीसारखा तयार यूएसबी ड्राइव्ह दुकानात मिळत नाही. जुना ड्राइव्ह मिळवा, त्याला जुन्या एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वीज द्या आणि मध्ये ‘ग्रीझवीझल’ नावाचं छोटं बोर्ड लावा. ते यूएसबीने जोडता येतं. या फ्लॉपीची लिहायची बंदी मात्र उलटी असते, कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की बंदी. लोटसच्या डब्ल्यूके१ फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात.

प्रश्न : काढलेला डेटा पुन्हा नव्या फ्लॉपीवर ठेवावा का?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : नाही. सोनीनेसुद्धा २०११ मध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं. बाजारात आज ‘नवी’ म्हणून मिळते ती गोदामातली जुनी असते. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. कृष्णाकाठी राहत असाल तर ही तिसरी आधी करा.