लाओसचा कमी गर्दीचा भाग बघायला गाईडसह टूर घ्यावी की आपापलं फिरावं?

तुम्ही विचारलंय की लुआंग प्रबांग, वांग वियांग ही गर्दीची गावं सोडून उत्तरेत फोन्सावान, सामनुआ आणि खाली दक्षिणेत चंपासाक असं फिरायचंय, तर स्थानिक गाईडवाली टूर घ्यावी की गाडी ठरवून मोबाईलच्या भरवशावर जावं. शेवटी हळूच जोडलंय, ‘तिकडे बघण्यासारखं नक्की काय आहे?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गाईड घ्या. दुसरा प्रश्न मात्र आमच्या घरात लग्नकार्यांत, बारशांत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतक्या वेळा निघालाय की आज एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, आमचे हे, थोरले दीर आणि जाऊबाई. भाऊजींनी आधी थायलंड, सिंगापूर, व्हिएतनाम केलेलं, तेही मोठ्या ग्रुपबरोबर, जिथे स्वयंपाकाला महाराज सोबत असतो आणि हनोईतही रात्री गरम वरणभात मिळतो. त्यात वाईट काही नाही. सत्तरीच्या आईवडिलांना न्यायचं असेल तर मीही तेच करीन. पण त्या टूरची एक सवय लागते, पॉइंट मोजायची. सकाळी तीन पॉइंट, जेवण, दुपारी दोन पॉइंट, शॉपिंग. लाओसच्या उत्तरेत हा हिशोब चालत नाही, आणि भाऊजी तोच हिशोब घेऊन आले होते.

लुआंग प्रबांगहून फोन्सावानचा रस्ता म्हणजे अख्खा दिवस वळणं. जाऊबाई आवळासुपारीचा डबा मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. संध्याकाळी गाव आलं तेव्हा भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा होता. फोन्सावान दिसायला अगदीच रुक्ष. सरळसोट रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना हार्डवेअरची दुकानं, धूळ. ते तसं का आहे हे गाईडने सांगितलं म्हणून कळलं: शियांगखुआंग प्रांताची जुनी राजधानी मुआंग खून व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या अमेरिकी बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाली, आणि युद्धानंतर हे नवं गाव वसवलं. जुन्या गावात आजही एका विहाराचे जळके खांब उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये उघड्यावर बुद्ध बसलेला आहे. हे माहीत नसेल तर तुम्ही फोन्सावानला शिव्या घालून पुढे जाल. भाऊजींनी घातल्याच.

दुसऱ्या दिवशी रांजणांचं पठार. फोन्सावानच्या आसपास माळरानावर ठिकठिकाणी दगडी रांजण पडलेत. बहुतेक वालुकाश्मात कोरलेले, काही माणसाहून उंच. गावाजवळच्या पहिल्याच जागेवर तीनशेच्या वर आहेत. २०१९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेत. लोककथा म्हणते की एका राक्षसी ताकदीच्या राजाने लढाई जिंकल्यावर तांदळाची दारू गाळायला ते करवून घेतले. १९३०च्या दशकात मादलेन कोलानी नावाची फ्रेंच संशोधक बाई तिथे उत्खनन करून आली आणि म्हणाली, हे अंत्यसंस्काराशी निगडित आहेत. नंतरच्या कामातूनही तेच पुढे आलं. काही रांजण जागेवर ठेवले गेले त्याला अडीच हजारांहून जास्त वर्षं झालीत. मोठ्या संग्रहालयासारखी पाटी-पाटी माहिती तिथे नाही. गवत, वारा आणि रांजण. पाऊण तासात भाऊजींचं बघून झालं.

आमचा गाईड हमोंग या डोंगरी जमातीतला तिशीतला मुलगा होता. इंग्रजी तोडकं, पण जे बोलायचा ते नेमकं. त्याने आम्हाला एका रांजणापाशी नेलं आणि थोडं वाकून, तिरपं बघायला सांगितलं. आधी काहीच दिसेना. मग शेवाळाखालून आकृती वर आली. हात वर केलेला, गुडघे वाकवलेला माणूस, दगडावर उठाव देऊन कोरलेला. शेकडो रांजणांत कोरलेला माणूस शोधायला आपण गेलो असतो तर दिवस गेला असता आणि सापडलाही नसता.

तिथेच ती घटना झाली, जिच्यावरून पुढे इतकं रामायण घडलं. पठारावर जमिनीत छोटे ठोकळे बसवलेत, अर्धे लाल, अर्धे पांढरे. पांढऱ्या बाजूची जमीन न फुटलेल्या बॉम्बसाठी खोलवर तपासून साफ केलेली आहे. लाल बाजूला फक्त पृष्ठभाग नजरेने तपासलाय. भाऊजींना बॉम्बने पडलेल्या एका खड्ड्याच्या काठावरून फोटो हवा होता, म्हणून ते मोबाईलकडे बघत मागे मागे सरकत ठोकळ्याच्या पलीकडे निघाले. गाईडने हाक मारली नाही, विनंती केली नाही. तीन ढांगांत गेला आणि दंड धरून त्यांना आत ओढलं. मग खाली ठोकळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘व्हाइट साइड, सर.’

भाऊजींना अपमान वाटला. चारचौघांत दंड धरला! त्यांचं म्हणणं आजतागायत हेच आहे की तिथे रोज पर्यटक येतात, धोका कसला, त्या पोराने आपलं महत्त्व वाढवायला नाटक केलं.

आता जरा आकडे बघा. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमान, रात्रंदिवस. त्यात सुमारे सत्तावीस कोटी छोटे बॉम्ब होते, ज्यांना तिथले लोक बॉम्बी म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढे. त्यातले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते अजून शेतात आहेत, ओढ्यात आहेत, पोरं चेंडू समजून उचलतात. ओबामा २०१६ मध्ये तिथे गेले तेव्हा साफसफाईसाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देतो म्हणाले. काम अजून संपलेलं नाही. ज्या मुलाचं बालपण या जमिनीवर गेलं, तो तुमचा दंड धरण्याआधी परवानगी मागणार नाही. आणि मागूही नये.

त्यानंतर आम्ही नापियाला गेलो. हे गाव युद्धातल्या भंगारातून चमचे बनवतं. ‘चमचे बघायला थांबायचं?’ हे भाऊजींचं वाक्य. ते गाडीत बसून राहिले. आम्ही तिघं उतरलो.

एका घराच्या ओसरीपाशी मातीची भट्टी होती. शेजारी पत्र्याचे वेडेवाकडे तुकडे, कुठल्यातरी आवरणाचे, विमानाच्या सुट्या भागांचे. एक बाई उकिडवी बसून ते वितळवत होती. लाकडी चौकटीचा दोन भागांचा साचा, आत राख घट्ट दाबलेली, राखेत चमच्याचा ठसा. लांब दांड्याच्या पळीने तिने पातळ अॅल्युमिनियम वरच्या भोकातून ओतलं, मनात चार आकडे मोजावेत एवढं थांबली आणि साचा उघडला. झाला चमचा! कडेला राहिलेली चिंधी कात्रीने कापली, कापडाने पुसलं आणि ढिगात टाकला. तोवर दुसरा ओतलासुद्धा. माझ्या हातात दिला तेव्हा कोमट होता आणि इतका हलका की प्लास्टिकचा वाटावा. मागच्या अंगणात क्लस्टर बॉम्बचं, म्हणजे ज्यात ते छोटे बॉम्ब भरलेले असायचे त्याचं, लांबट आवरण आडवं ठेवून त्यात कांद्याची पात लावली होती. जाऊबाई, ज्या प्रवासभर फारसं बोलल्या नव्हत्या, त्या पातीजवळ बराच वेळ उभ्या होत्या. परत येताना त्यांनी डझनभर चमचे घेतले आणि भाऊजींसमोर एक अक्षर बोलल्या नाहीत.

संध्याकाळी टिपेवरून वाजलं. भाऊजी म्हणाले, दुकानात नेऊन कमिशन खातो, वर टिप कशाला? अहो, पन्नासेक रुपयांचा चमचा. त्यात कमिशन किती सुटणार, दीड रुपया? टिप मी माझ्या पर्समधून दिली आणि दोन शब्द बोललेही. तेव्हापासून घरात गोष्ट अशी सांगितली जाते की लाओसमध्ये दगडी रांजण आणि चमचे आहेत, आणि सूनबाई गाईडच्या बाजूने भांडतात. दोन्ही खरं आहे.

हां, तुमचा प्रश्न. सामनुआला जायचं तर फोन्सावानहून पुन्हा दिवसभर वळणं. जा, पण तिथून जवळच्या वियांगसायसाठी जा. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांतल्या गुहांत पाथेट लाओ या कम्युनिस्ट चळवळीच्या पुढाऱ्यांनी युद्धाची वर्षं काढली. दवाखाना गुहेत, शाळा गुहेत, नाटकं-सभा गुहेत, विषारी वायूच्या भीतीने बंद करता येणारी खोली आणि हवेचा रशियन पंप. तिथे ऑडिओ गाईड उत्तम आहे, त्यामुळे माणूस नसला तरी चालेल. वाटेत थाम पिउची गुहा लागते. २४ नोव्हेंबर १९६८ ला आत लपलेल्या लोकांवर रॉकेट आलं, ३७४ माणसं गेली. इथे सेल्फी काढणारे बघितलेत मी, आपलेच.

दक्षिणेचं गणित वेगळं. तो भाग सोपा आहे: चंपासाकचं मुख्य शहर पाक्से, तिथे विमानाने उतरा किंवा थायलंडच्या उबोनहून रस्त्याने या. बोलावेन पठारावर कॉफीचे मळे, ताद फानचा सव्वाशे मीटरच्या आसपास कोसळणारा जोडधबधबा, खाली मेकाँग नदीतली बेटं. त्यातल्या एका बेटावर फ्रेंचांनी नदीतला धबधबा टाळून बोटी पलीकडे न्यायला चक्क रेल्वे घातली होती. इंजिन गंजून उभं आहे. हे सगळं स्कूटर भाड्याने घेऊनही होतं.

चंपासाकचं वाट फू हे जुनं देऊळ मात्र नीट बघा. डोंगराच्या शिखरावर निसर्गतःच लिंगासारखा सुळका आहे, म्हणून संस्कृत शिलालेखांत त्याचं नाव लिंगपर्वत. पायथ्याशी खमेर राजांनी शिवमंदिर बांधलं. डोंगरातला झरा थेट गाभाऱ्यातल्या लिंगावर आणला होता. वर जाणाऱ्या झिजक्या पायऱ्यांना दोन्हीकडून जुने चाफे. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे बरंच जतनाचं काम केलंय, पाटीवर नाव दिसतं, बरं वाटतं. पण गाभाऱ्यात आज बुद्ध आहेत आणि गावकरी त्यांनाच फुलं वाहतात. तिथे उभं राहून ‘हे सगळं आपलंच होतं’ असं मोठ्याने बोलणारे काका मी ऐकलेत. कृपा करून ते होऊ नका.

जेवणाचं: तुम्ही शाकाहारी असाल तर गाईड घेण्याचं हेच एक कारण पुरेसं आहे. भाजी म्हणून जे येतं त्यातही माशाचं आंबवलेलं पाणी असतं. गाईडकडून लाओ भाषेत चिठ्ठी लिहून घ्या: मासा नको, मटण-चिकन नको, माशाचा सॉसही नको. चिकट भात आणि भाजलेल्या मिरच्या-वांग्यांचा कुटलेला जेओ मिळाला की पोट भरतं. जेओ अगदी आपल्या ठेच्याच्या घराण्यातला. फक्त त्यातही मासा नाही ना विचारा.

मुंबईहून थेट विमान नाही, बँकॉक किंवा हनोईवरून जा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेत शेतं जाळतात, धुराने डोळे चुरचुरतात आणि डोंगर दिसत नाहीत. टूर घ्यायची तर इथून चाळीस जणांची नको. तिथल्या छोट्या एजन्सीकडून गाडी, ड्रायव्हर आणि त्या प्रांताचाच गाईड ठरवा. राजधानी व्हिएंतियानहून सोबत आलेला गाईड नव्हे, त्या प्रांतातला. हे पत्रव्यवहारात आधीच लिहून घ्या.

ता. क. प्रतिक्रियांत कुणी म्हणेल त्याआधी मीच सांगते. सगळे गाईड तसे नसतात. वाट फूला आम्हाला मिळालेला माणूस पोपट होता, सनावळ्या म्हणून दाखवायचा आणि प्रश्न विचारला की हसायचा. कमिशन खाणारेही असतात, विशेषतः शहरांत रेशमाच्या दुकानांत. लुआंग प्रबांग आणि व्हिएंतियानला गाईडवर पैसे घालवू नका. आणि गाडी तुम्ही स्वतः चालवणार असाल तर लाओसमध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात हे वळणावर विसरून चालत नाही, रात्री तर गाडी काढूच नका. माझं ‘गाईड घ्या’ हे मुख्यतः शियांगखुआंगपुरतं आहे, जिथे पायाखाली काय आहे हे तुम्हाला कळत नाही.

भाऊजी हे वाचणार याची खात्री आहे, कारण जाऊबाईच त्यांना लिंक पाठवतील. त्यांनी खाली प्रतिसाद दिला तर मी उत्तर देणार नाही. टिपेचा अर्धा वाटा गूगल पे केला तरी चालेल.