बाळीवेशीतलं घर सोडावं का?

प्रश्न : आमचं घर सोलापूरच्या जुन्या गावठाणात, बाळीवेशीत, माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं. मुलगा म्हणतो जुळे सोलापूरला, शहराच्या नव्या भागात, फ्लॅट घेऊ, पार्किंग मिळेल, लिफ्ट मिळेल. मी ६७ वर्षांची, गाडी चालवता येत नाही. काय करू?

उत्तर : ताई, माझं मत विचाराल तर घाई करू नका. आज तुम्ही भाजी, औषध, मधल्या मारुतीचं दर्शन सगळं कुणाला न विचारता पायी करता, तिकडं गेलात की दूध आणायलासुद्धा मुलाच्या गाडीची वाट बघावी लागेल, आणि हे आधी कुणी सांगत नाही. शिवाय संक्रांतीच्या आदल्या दिवसापासनं सिद्धेश्वर यात्रेचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, ६८ शिवलिंगांना तेलाभिषेकाला, ते तुमच्या पायरीवरनं दिसतात की हो!

पण मुलाचंही खरंय. गल्लीत रिक्षा वळत नाही, पाणी रोज येत नाही. आणि माळवद म्हणजे दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून चोपायलाच लागतं, एक वर्ष चुकलं तर पहिल्याच पावसात तुळईशेजारी ओल धरते आणि मग लाकूड आतनं कुजत जातं. म्हणून आधी जाणत्या गवंड्याला तुळया दाखवा. त्या धड असतील तर फ्लॅटच्या पैशातले थोडे घरात घाला, खालीच संडास-बाथरूम करून घ्या.