मुद्गल उचलण्याआधी

सोळा किलोचा मुद्गल, म्हणजे खांद्यावरून फिरवायचा जड लाकडी सोटा, बघितलास आणि हात शिवशिवले, हे कळलं मला. थांब. आधी तीन किलोची जोडी घे. आमच्या तालमीत नवीन पोराला पहिले दोन महिने जोर-बैठकाच. मुद्गल भिंतीला टेकलेला नुसता बघायचा!

मुद्गल दंडाच्या जोरावर फिरत नाही. खांद्यावरून मागे सोडायचा, पाठीमागे तो लंबकासारखा झुलतो, आणि वर यायला लागला की त्याच लयीत ओढून घ्यायचा. कोपर बाहेर फाकलं की खांदा दुखलाच समज. मूठ घट्ट, पण मनगट मोकळं. कंबर वाकवून उचलणाऱ्यांना मी लगेच खाली ठेवायला लावतो.

आणि याला जुनाट म्हणणाऱ्या मित्राला सांग, एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हाच प्रकार इथून विलायतेला नेला. तिथे तो हलका झाला, ‘इंडियन क्लब’ म्हणून व्यायामशाळांत रुळला. १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्पर्धाच होती.

उद्या साडेपाचला ये. पोट रिकामं ठेव.